मुलांना घेऊन समुद्रावर एक दिवस: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

सुट्टीच्या दिवशी दुपारी साडेबाराला नागावच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. मुंबईहून सकाळी आठला निघालेली, वडखळच्या रांगेत अडकलेली गाडी येऊन थांबते. मुलं भुकेली. वाळू इतकी तापलेली की अनवाणी पाय ठेववत नाही. तरी "एवढे आलोय तर" म्हणून सगळे तडक पाण्यात शिरतात. तासाभरात धाकटं रडायला लागतं, मोठ्याची पाठ लाल होते. संध्याकाळी किनारा खरा खेळण्याजोगा होतो, तेव्हा ही मंडळी परतीच्या वाटेला लागलेली असतात.

चुकतो तो क्रम. आधी सुट्टी ठरते, मग गाडी, मग जेवण, आणि समुद्र त्या वेळी कुठे असेल हे पोचल्यावर कळतं. माझं माहेर आक्षीचं. राहते ठाण्याला, पण दर हिवाळ्यात माझी दोन मुलं, भाचरं, पुतणे असा आठ-दहा जणांचा गोतावळा घेऊन तिकडे जाते. दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी फोन करून तेच प्रश्न विचारतं, आणि परत आल्यावर त्याच चुका सांगतं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे. उदाहरण अलिबागच्या आसपासचं धरलं आहे, मुलं साधारण तीन ते दहा वर्षांची.

## १. किनारा निवडा, तोही मुलांच्या वयाप्रमाणे

फोटोत सुंदर दिसणारा किनारा आणि मुलांना खेळायला बरा किनारा एकच असेल असं नाही. लहान मुलांसाठी उतार अगदी कमी हवा, म्हणजे वीस पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या खाली. वरसोली, आक्षी, नागाव हे किनारे असे सपाट आहेत. वर सुरूची झाडं आहेत, मागे वाड्या आणि घरं आहेत, त्यामुळे सावली, पाणी, संडास चालण्याच्या अंतरावर मिळतं. किहीमही चांगलं, पण काही भागात खडक आहेत, तिथे चपला काढू नका.

काशीदची वाळू पांढरी आणि देखणी आहे, म्हणून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पण तिथे लाट काठाजवळ येऊन जोरात फुटते आणि परत जाताना पाय ओढते. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन पाण्यात उतरायची ती जागा नव्हे. गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, वाळूत बसा, पाण्यात उतरू नका. तिथला समुद्र धोक्याचा म्हणून ओळखला जातो आणि तसे फलकही आहेत.

खाडीच्या मुखाजवळचा भाग कुठल्याही गावात टाळा. रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते तिथे, किंवा आक्षीच्या खाडीच्या तोंडाशी, वरून पाणी शांत दिसतं, पण भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने ये-जा करत असतं. खाली चिखलही असतो.

थांबा. जून ते सप्टेंबर हा बेतच करू नका. पावसाळी समुद्र लांबून बघायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मुलांसाठी सर्वांत चांगले. मार्च-एप्रिलमध्ये जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत वाळू सोडायची तयारी ठेवा.

## २. दिवस निवडा: तिथीची पाऊणपट

हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळा दिवस याच्यावरच उभा असतो.

भरती रोज एकाच वेळी येत नाही. साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या शनिवारी सकाळी नऊला पाणी काठाशी होतं म्हणून या शनिवारीही असेल, हा हिशेब साफ चुकतो. आठवड्याभरात चित्र जवळजवळ उलटं होतं.

आमच्याकडे आप्पा, म्हणजे माझे वडील, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघायचे आणि तोंडीच वेळ सांगायचे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जाणत्या माणसाला ही रीत ठाऊक असते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षातही हाच हिशेब. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी.

हा अंदाज मुंबई-अलिबाग पट्ट्याचा, आणि त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे गेलात की भरती थोडी लवकर लागते. म्हणून तिथीवरून दिवस ठरवा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून नेमकी वेळ कागदावर लिहून घ्या.

आता मुलांसाठी कुठला दिवस चांगला? माझा नियम असा: मुलं पाण्यात असतील तेव्हा पाणी नुकतंच चढायला लागलेलं असावं. चढतं पाणी काठाकडे ढकलतं, उतरतं पाणी आत ओढतं. त्यावरून दोन सोयीचे बेत निघतात.

चतुर्थी-पंचमीच्या आसपास (शुद्ध असो वा वद्य) ओहोटी सकाळी सव्वानऊ ते दहाला संपते. आठला पोचायचं, ओली सपाट वाळू मोकळी असते तेव्हा तासभर वाळूत खेळायचं, मग पाणी फिरलं की अकरापर्यंत काठाच्या पाण्यात. संध्याकाळी पाणी उतरत असतं, तेव्हा नुसतं शिंपले वेचायचे.

नवमी ते एकादशीच्या आसपास ओहोटी दुपारी एक ते अडीचला संपते. तेव्हा सकाळी वाळू आणि संध्याकाळी चारनंतर पाणी. या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अगदी लहान मुलांना पहिल्यांदा नेणार असाल तर हेच दिवस धरा.

पौर्णिमा, अमावस्या आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे. पाणी वेगाने चढतं, अकराच्या सुमाराला अर्धा किनारा गिळतं आणि ओढही जास्त असते. त्या दिवशी लहान मुलांना पाण्यात नेऊ नका.

तपासा. कागदावर तीन वेळा लिहिल्या का? पूर्ण ओहोटी, पूर्ण भरती, सूर्यास्त. हा कागद गाडीत नको, खिशात हवा.

## ३. खोली, जेवण, प्रवास: याच क्रमाने

एक दिवसाचा बेत असला तरी दिवसभरासाठी एक खोली घ्या. सगळ्यात जास्त कुटुंबं इथे पैसे वाचवतात आणि इथेच दिवस बिघडतो. नागाव-आक्षीला वाड्यांमधून घरगुती खोल्या दिवसापुरत्या मिळतात. दुपारच्या उन्हात मुलं झोपायला, ओले कपडे बदलायला, आजी-आजोबांना पाठ टेकायला जागा लागते. खोली ठरवताना तीनच गोष्टी विचारा: बाहेर अंग धुवायला नळ आहे का, किनारा चालत किती, आणि वाट मुख्य रस्ता ओलांडून जाते का.

जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरगुती खाणावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. दीड वाजता आठ जण दारात उभे राहिलात तर तासभर थांबावं लागणारच. मुलांसाठी वेगळं सांगा: तिखट न घातलेलं वरण, भात, तूप, मऊ पोळी, तळलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा. आणि जेवणाची वेळ साडेबाराची सांगा, दोनची नको. किनाऱ्यावर मुलांना भूक लवकर लागते.

प्रवास आता. रस्त्याने मुंबईहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास, पुण्याहून खोपोली-पेणमार्गे सुमारे दीडशे. अंतरापेक्षा वडखळ आणि त्यापुढचा अलिबाग रस्ता किती भरलाय यावर सगळं आहे. पहाटे साडेपाचच्या आत घर सोडलंत तर आठला वाळूवर पाय लागतात. सात वाजता निघालात तर साडेदहा धरा. या दीड तासाच्या फरकात सकाळची सगळी गंमत आहे.

गेटवेहून मांडव्याची लाँच मुलांना फार आवडते. तासाभरात पलीकडे, तिथून बसने अलिबाग. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. सुट्टीचं तिकीट आधी काढा. लाँचच्या खालच्या बंद भागात काही मुलांना मळमळतं, त्यांना वर वाऱ्यावर, समोर क्षितिज दिसेल असं बसवा आणि निघण्याआधी पोटभर दूध पाजू नका.

चूक. परतीची वेळ न ठरवणं. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ रस्ता तुंबलेला असतो. एक तर साडेतीनला निघा, नाहीतर मुलांना जेवू घालून नऊनंतर. मधल्या वेळात निघून मुलांना गाडीत चार तास बसवू नका. शनिवारी जाऊन शनिवारी येणं सगळ्यात सोपं.

## ४. बॅगा: एक वाळूची, एक कोरडी

सगळं एका मोठ्या पिशवीत कोंबलं की काठावर टॉवेल शोधताना डब्यात वाळू जाते. दोन वेगळ्या बॅगा भरा.

वाळूच्या बॅगेत: दोन चटया, जाड जुनी चादर, प्रत्येकाला टोपी, सनस्क्रीन, फावडं-बादली (दोन मुलं असतील तर दोन फावडी, एकावरून भांडण ठरलेलं), जाळीची पिशवी, पाच लिटरचा साधा पाण्याचा कॅन हातपाय धुवायला, आणि दहा मीटर दोरी. प्यायचं पाणी वेगळं, माणशी दीड-दोन लिटर धरून.

कोरडी बॅग खोलीवर किंवा गाडीत राहते: दोन जोड कपडे, टॉवेल, औषधं, परतीचा खाऊ.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर. मुलींना घेराचे फ्रॉक आणि मुलांना जीन्सच्या हाफ पँटी घालून पाण्यात नेतात. भिजलेली जीन्स जड होते, मांड्या सोलते, आणि मूल पडलं तर उठताना अडखळतं. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट सगळ्यात बरा, उन्हापासूनही वाचवतो. रंग भडक नारिंगी, पिवळा किंवा गुलाबी. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात दिसेनासा होतो. आमच्याकडे सगळी मुलं एकाच नारिंगी रंगात असतात. दोनशे माणसांच्या गर्दीतून डोकी मोजायला चार सेकंद लागतात.

खाऊत दही, क्रीमचे केक, मेयोनीज नको. दशम्या, थेपले, गूळपोळी, काकडी, केळी, चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. ओआरएसची दोन पाकिटं असू द्या. औषधांत तापाचं औषध, चिमटा, निर्जंतुक पट्ट्या, मुलाला दमा असेल तर पंप. आणि टाल्कम पावडरचा डबा. त्याचं काम शेवटी आहे.

फुगवायच्या रिंगा आणि हवेच्या गाद्या घरीच ठेवा. सकाळी मतलई वारे वाहतात, जमिनीकडून समुद्राकडे. रिंगेत बसलेलं मूल शांत पाण्यावर अलगद आत सरकत जातं आणि पालकांना ते तरंगतंय, मजेत आहे असंच वाटत राहतं.

तपासा. निघण्याआधी घरीच मुलांच्या मनगटावर किंवा दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहा. सनस्क्रीन वाळूवर नाही, खोलीवर लावा. कोरड्या अंगाला, पाण्यात जाण्याच्या वीस मिनिटं आधी, कान आणि पायाचे पंजे विसरू नका. दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सनस्क्रीन नको, फक्त सावली.

## ५. पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

मुलांना लगेच सोडू नका. आधी मोठ्यांनी उभं राहून किनारा वाचायचा.

वाळूवर कचरा, काटक्या, फेस यांची एक वाकडी रेघ दिसते. मागची भरती तिथपर्यंत आली होती. चटई त्या रेघेच्या वर, दहा-पंधरा पावलं मागे. एका पौर्णिमेला सकाळी नऊला आम्ही चटई टाकली ती रेघेच्या आत, कारण तिथली वाळू थंड आणि घट्ट होती. साडेदहाला मी मुलांच्या मागे लांब गेले होते. परत वळून पाहिलं तर चटई तरंगत होती, चपला गेल्या होत्या आणि गाडीच्या किल्लीची पिशवी एका गावकऱ्याने पाण्यातून काढून हातात धरली होती. माहेर दहा मिनिटांवर असून ही चूक माझ्याकडून झाली, कारण त्या दिवशी मी वेळा लिहून घेतल्या नव्हत्या.

सावली सुरूच्या झाडाखाली घ्या, माडाखाली नको. नारळ किंवा सुकलेली झावळी कधी पडेल सांगता येत नाही.

मग सगळ्या मुलांना एक ठळक खूण दाखवा. पाण्याची टाकी, एखादी रंगीत टपरी, मोठा सुरू. चटईची खूण उपयोगाची नाही, सगळ्या चटया सारख्या दिसतात. मुलांना एवढंच सांगा: "आम्ही दिसेनासे झालो तर चालत राहायचं नाही, या खुणेपाशी येऊन थांबायचं." एकदा सगळ्यांना पाण्यापासून खुणेपर्यंत पळवा, खेळ म्हणून. पायाने गेलेली वाट मुलांना लक्षात राहते.

टपरीवाल्याला विचारायला लाजू नका: "आज पाण्याला ओढ कुठे आहे?" तो हात करून दाखवतो. रोज बघणाऱ्या माणसाचं ते एक वाक्य ऐका.

थांबा. गाडी वाळूवर उतरवू नका, दुसऱ्यांच्या उतरलेल्या दिसल्या तरी. ओली वाळू वरून घट्ट वाटते, चाक एकदा रुतलं की निघत नाही, आणि भरती थांबत नाही.

## ६. आधी वाळू, मग पाणी

पहिला तास वाळूचा ठेवा. मुलांची धावाधाव निवते, मोठ्यांना जागा कळते, आणि पाण्यात जाताना मुलं ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, मधल्या छोट्या भोकापासून चहूबाजूंना पसरलेली. मुलांना त्यापासून दोन हातांवर उकिडवं बसवा आणि हलू देऊ नका. मिनिटभराने भोकातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. कुणी पाय हलवला की क्षणात गायब. माझा पाच वर्षांचा भाचा यापुढे पाऊण तास बसला होता, विकत आणलेली सगळी खेळणी बाजूला ठेवून.

खड्डा खणायला मुलांना आवडतं. मर्यादा ठरवा: खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि बोगदा मुळीच नको. ओल्या वाळूच्या भिंती अचानक ढासळतात आणि वाळूखालून मूल ओढून काढणं फार अवघड असतं. उठताना खड्डा बुजवा, मागून घोडागाडी येते.

जिवंत शंख-शिंपले परत पाण्यात. जाळ्यातून टाकलेला साप दिसला तर मेलेला वाटला तरी हात लावू द्यायचा नाही, समुद्रसाप विषारी असतात.

## ७. पाण्यात: पहारा

इथे मी कसलीही सवलत देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

एका वेळी एक मोठा माणूस पहाऱ्यावर. मोबाइल चटईवर, पाठ किनाऱ्याकडे, तोंड पाण्याकडे, आणि प्रत्येक पाळी वीस मिनिटांची. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं: "आता तू बघतेस ना?" आणि समोरून "हो, मी बघतेय" असं आल्याशिवाय नजर काढायची नाही. पाच मोठी माणसं काठावर असताना मुलं बुडतात, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी पहारेकरी पुरत नाही. त्याच्याबरोबर पाण्यात एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर. माझा पुतण्या चार वर्षांचा होता, पाणी त्याच्या पोटरीएवढं. लाट परतताना पायाखालची वाळू सरकली, तो बसला, आणि पुढची लाट त्याच्या तोंडावरून गेली. त्याने हाक मारली नाही, हात वर केले नाहीत. डोळे उघडे होते आणि तोंडात पाणी. मी दोन हातांवर होते म्हणून उचलला. बुडणारं मूल ओरडत नाही, ओरडायला श्वासच नसतो. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबताहेत: असं दिसलं की विचारत बसू नका, उचला.

पाण्याची मर्यादा: जिथे जीवरक्षक नाहीत तिथे मुलाच्या गुडघ्यापर्यंत, मोठ्यांच्या मांडीपर्यंत. पोहता येतं हे कारण चालत नाही. तरण तलावात पाणी ओढत नाही. गोव्यात मुख्य किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरा, आणि नुसता लाल झेंडा असेल तर नाही.

आप्पा आम्हाला पाण्याच्या काठावर उभं करून एकच गोष्ट बजावायचे: "पाण्याकडं पाठ करायची नाही, बाय." फोटोसाठी मुलांना पाण्याकडे पाठ करून उभं करतात, ते बंद करा. फोटो बाजूने काढा.

सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतंय, तर ती जागा सुरक्षित नाही. तिथूनच पाणी आत परततं. त्या ओढीत कुणी मोठा सापडला तर काठाकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग वळायचं.

थांबा. कुणी आत ओढलं गेलं तर त्याच्या मागे उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेली दोन-तीन माणसं जातात ती अशीच. कॅन रिकामा करा, बूच घट्ट लावा, दोरी बांधून फेका. आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा, 112 ला फोन करा.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढू नका. तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, आणि 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. ज्याने पाणी प्यायलं आणि नंतर ठीक वाटलं, अशा मुलाला पुढच्या काही तासांत खोकला, धाप किंवा अवेळी गुंगी आली तर डॉक्टरांकडे न्या.

पायाला अचानक भयंकर कळ आली आणि छेद दिसला तर पाकट या चपट्या माशाचा काटा असू शकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा. पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं तर पाकट आधीच सरकतो, मुलांना "रेल्वे चाल" म्हणून शिकवा. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना.

बनाना राइड, जेट स्की यांबद्दल थोडक्यात: लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे, त्या मुलाने बसायचं नाही. आणि तुमची मुलं खेळतात ती जागा या बोटी जिथून सुटतात तिथून लांब हवी.

## ८. साडेअकरा ते चार: वाळू सोडा

अकरा वाजता पहिली सूचना, सव्वाअकराला दुसरी, साडेअकराला बाहेर. मुलं रडतील. "संध्याकाळी परत येणार" हे सांगा आणि खरंच परत या.

खोलीवर नळाखाली गोड्या पाण्याची अंघोळ, मग जेवण, मग झोप. नाक-कान-बेंबी, पायाच्या बोटांच्या बेचक्या नीट धुवा. मिठाचं पाणी वाळलं की तिथेच रात्री खाज येते. वाळू डोळ्यात गेली असेल तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार सोडा. झोप आली नाही तरी तासभर सावलीत आडवं व्हायला लावा. चारच्या सुमाराला शहाळं.

## ९. संध्याकाळ आणि आवरणं

खिशातला कागद काढा आणि पाणी चढतंय की उतरतंय ते बघा. चढत असेल तर सकाळचेच सगळे नियम, पुन्हा पहारा. उतरत असेल तर शिंपले, पतंग, धावणं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचा मोह याच वेळी होतो. ओहोटीत चालत जाता येतं हे खरं, पण पाणी फिरायच्या आत तुम्ही काठावर परत हवेत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, ओहोटीच्या वेळेला किल्ल्यातून बाहेर पडा. तो तास हुकला असेल तर जाऊ नका, मुलांना खांद्यावर घेऊन पाण्यातून परत यायचा प्रयत्न तर मुळीच नको.

सूर्यास्ताला सगळे पाण्याबाहेर. अंधारात डोकी मोजता येत नाहीत.

आता पावडरचा डबा. ओली वाळू टॉवेलने पुसली की कातडी सोलते. मुलांना पाच मिनिटं सुकू द्या, मग पायांवर पावडर भुरभुरून हाताने झटका. सगळी वाळू कोरडी होऊन गळते. शिंपले जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात हलवून घ्या, नाहीतर दोन दिवसांनी गाडीत वास मारतात. प्रत्येकी पाचच शिंपले, निवडायला मुलांनाच बसवा.

वेफर्सची पाकिटं, बाटल्या, डायपर हे सगळं आपल्या पिशवीत. किनाऱ्यावर राहिलेलं प्लास्टिक पुढच्या भरतीत जातं आणि त्याच्या पुढच्या भरतीत आमच्याच दारात येतं.

तपासा. गाडी सुरू करण्याआधी डोकी मोजा, मग चपला मोजा. घरी पोचल्यावर, कितीही रात्र झाली तरी, ओले कपडे गोड्या पाण्यातून काढून वाळत घाला, आणि भरती-ओहोटीच्या त्या कागदाच्या मागे लिहून ठेवा: काय कमी पडलं, काय उगाच नेलं, कुठल्या तिथीला गेलो होतो आणि पाणी कसं होतं.